एका सोयाच्या ट्रकला मारलेली फुली

दिवाळी अंकात नोकरीच्या आठवणी निवृत्त माणसांनी लिहायच्या असतात, हे मला माहीत आहे. संपादकांनाही माहीत आहे. तरी त्यांचा फोन आला. म्हणाले, "अगं, बँकवाले तीन झाले, रेल्वेवाले दोन झाले. यंदा काहीतरी वेगळं हवंय. तू ते गुरांच्या खाण्याचं काहीतरी करतेस ना?"

हो, मी गुरांच्या खाण्याचं काहीतरी करत होते. बडोद्यात मांजलपूरला आमच्या सोसायटीत पहिल्या मजल्यावर ज्या काकू राहतात, त्यांची अजूनही समजूत आहे की मी पेंड विकते. भावाच्या म्हशीसाठी त्यांनी एकदा दोन पोती ओळखीच्या भावात मागितली होती. मी म्हटलं, "काकू, मी विकत नाही, तपासते." त्या म्हणाल्या, "मग चांगली बघून दे."

तेव्हा आधी धंदा समजावून सांगते. सोयाबीन तेलासाठी पिकवतात असं बहुतेकांना वाटतं. खरं म्हणजे दाण्यातून तेल निघतं थोडं आणि मागे चोथा उरतो भरपूर. तो चोथा म्हणजे सोयापेंड. कोंबडी, म्हैस, संकरित गाय, या सगळ्यांच्या खुराकातला कस त्या पेंडीतून येतो. गुजरातेत या खुराकाला दाण म्हणतात. पादरा रोडवरच्या ज्या कारखान्याबद्दल मी लिहिणार आहे तो हे दाण बनवतो. वासरांच्या दाणासाठी तो अख्खं सोयाबीनही घेतो, भाजतो आणि भरडतो.

आणि सोयाबीन येतं कुठून? बरंचसं माळव्यातून आणि माळव्याच्या कडेच्या डोंगराळ भागातून. धंदे मोकळे झाले, तेलाच्या गिरण्या निघाल्या, पेंड परदेशी जायला लागली, इकडे दूध आणि अंडी वाढली. मग ज्याला जिथे जागा दिसली तिथे त्याने सोया पेरला. मोकळी दिसणारी जागा म्हणजे बहुधा गावाचं गायरान. मध्य प्रदेशात त्याला चरनोई म्हणतात. म्हणजे शहराच्या गाईला खाऊ घालायला खेड्यातल्या गाईचं कुरण नांगरायचं.

हे शेवटचं वाक्य माझंच आहे. कॉलेज सुटल्यावर ज्या संस्थेत मी लागले तिच्या पत्रकात ते ठळक अक्षरांत छापलं होतं, पुढे तीन उद्गारचिन्हं. पत्रक लिहिणं हे एक शिक्षणच आहे. नऊ ओळी. वाचणारा सिग्नलला उभा आहे असं धरून चालायचं. शत्रू एकच हवा. 'परंतु' हा शब्द वापरायचा नाही, त्याने जोर जातो. मी बारा-पंधरा पत्रकं लिहिली असतील, एकातही 'परंतु' नव्हता.

ही पत्रकं आम्ही त्या कारखान्याच्या गेटवर वाटायचो. तिसऱ्या दिवशी मॅनेजर शाहसाहेब स्वतः बाहेर आले. मला वाटलं, आता पोलीस. ते म्हणाले, "बेन, तडको बहु छे. अंदर आवो, चा पीओ, पछी गाळो आपजो." ऊन फार आहे, आत या, चहा प्या, मग शिव्या द्या.

आत गेल्यावर कळलं की साहेबांची स्वतःचीच अडचण होती. त्यांचं बरंचसं दाण एका डेअरीला जायचं. तिचा भागीदार परदेशी. त्याला आता कागद हवा होता, की या दाणातला सोया जंगल किंवा चराई जमीन मोडून पिकवलेला नाही. नियम परदेशातून आला होता. एक साल ठरवलेलं. त्या सालानंतर ज्याने कुरण मोडलं त्याचा माल घ्यायचा नाही.

"तुम्हीच तपासा ना," शाहसाहेब म्हणाले. "आम्ही सही केली तर कोण विश्वास ठेवणार? तुम्ही तर आमचे दुश्मन. तुमच्या सहीला किंमत."

मी रागावून संस्थेत आले. आमचे प्रमुख ठाकोरभाई शांतपणे म्हणाले, "आत जाऊन बघ. बाहेरून ओरडायला आपण आहोतच."

अशी मी गेटच्या आत गेले. दोन हंगाम ती तपासणी केली.

काम असं. ज्या गावांतून सोया येतो तिथे जायचं, शेतकऱ्यांना भेटायचं, दोन पानी फॉर्म भरायचा आणि प्रत्येक गावापुढे बरोबरची खूण किंवा फुली मारायची. बरोबर असेल तर गाव यादीत. फुली असेल तर त्या गावाचा ट्रक गेटातून आत येणार नाही. इंग्रजी नियमांचे साध्या भाषेत प्रश्न करायचं काम माझं. चौथा प्रश्न होता, 'शेताची हद्द स्पष्ट आहे का?' आणि सातवा, 'ही जमीन कधीपासून लागवडीखाली आहे, त्याआधी तिथे काय होतं?' सातव्या प्रश्नाचा मला फार अभिमान होता. वाटायचं, या एका प्रश्नात सगळा माळवा पकडला जाणार.

या कामात माणसं एकेक भेटली. बडोद्याच्या समा भागातल्या एका गोशाळेचे ट्रस्टी कारखान्यात येऊन माझ्यासमोर बसले आणि विचारू लागले, एकादशीला गाईंना सोया चालतो का. शाहसाहेबांनी गंभीर चेहऱ्याने सांगितलं, "ते बेनना विचारा, तपासणी त्यांच्याकडे आहे." मी म्हटलं, गाईंनाच विचारा. ट्रस्टी नाराज झाले, पण पोती घेऊन गेले. त्या परदेशी भागीदाराचा एक माणूस पाहणीला आला होता. त्याला आनंदी गाईचा फोटो हवा होता. पादऱ्याकडच्या गोठ्यात आम्ही त्याला तासभर फिरवलं. शेवटी एका गाईने त्याच्या कॅमेऱ्याचा पट्टा चघळला. तो फोटो त्याने काढला नाही. आणि एक आडत्या होता, मन्नालालशेठ. मी जाण्याआधीच त्याने पन्नासेक गावांची पत्रं तयार ठेवली होती, 'आमच्या गावात चरनोई मोडलेली नाही.' पन्नास गावं, पन्नास सरपंच, अक्षर एक.

"सगळ्या सरपंचांनी एकाच शाळेत शिक्षण घेतलंय का?" मी विचारलं.

"बेन, सरपंच अंगठे देतात. अक्षर माझ्या मुनिमाचं. अंगठे बघा ना, सगळे वेगळे आहेत."

ती पत्रं मी परत केली आणि म्हटलं, मी स्वतः गावात येणार. शेठने मोठ्या मनाने जीप दिली. जीपने मी सपाटीवरची गावं केली. तारेची कुंपणं घातलेली आखीव शेतं, खाटेवर बसवून दिलेला चहा, प्लास्टिकच्या पिशवीत नीट ठेवलेले जमिनीचे कागद. कागदावर लिहिलेलं, पूर्वापार शेती. मी खुणा करत गेले. शेठच्या जीपमधून उतरून मी शेठची माणसं तपासत होते हे मला तेव्हा सुचलं नाही. रागावलेल्या माणसाला आपण हुशार आहोत असं वाटत असतं.

कारखान्यातला खरा तपासनीस कनुभाई. शिक्षण सातवी, पण माल आत घ्यायचा की नाही हे तोच ठरवायचा. हातात परखी, म्हणजे पोत्यात खुपसून दाणे बाहेर काढायची पोकळ लोखंडी सळई. ती खुपसायची, दाणे तळहातावर घ्यायचे, हुंगायचे, एक दातांखाली फोडायचा आणि सांगायचं, ओल किती, खडे किती, माल कुठला. काळ्या जमिनीतल्या सोयाची धूळ राखाडी, डोंगरातल्या सोयाची तांबूस. मी त्याला एकदा म्हटलं, "कनुभाई, तुमच्या नाकाला फॉर्म नाही भरावा लागत."

"फॉर्मला नाक नथी ने बेन," तो म्हणाला. मी हसले. नुसती हसलेच.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते सांगते.

दुसऱ्या हंगामात माझ्या डोक्यात आलं की आडत्या मधे नकोच. कारखान्याने सरळ पिकवणाऱ्यांकडून घ्यावं. दाहोद ओलांडून मध्य प्रदेशाच्या हद्दीत आंबलीफळिया म्हणून भिलांची एक वस्ती आहे, डोंगराच्या उतारावर तीसेक घरं. तिथल्या बायकांचा गट आमच्या संस्थेच्या ओळखीचा होता. गटाची प्रमुख रमतीबेन, चाळिशीची, बोलायला तिखट. मीच तिला सांगितलं, तुमच्या तीस घरांचा सोया एका ट्रकात भरा, शेठला देऊ नका, सरळ बडोद्याला आणा. फक्त आधी फॉर्म भरावा लागेल.

फॉर्म भरायला सगळे एका अंगणात जमले. चौथा प्रश्न आला, हद्द स्पष्ट आहे का? तिथे ना तार, ना बांध. एका पट्ट्यातून दुसऱ्यात कधी शिरलो ते कळत नव्हतं. मी 'नाही' लिहिलं. सातवा प्रश्न आला. एक जण हळूच म्हणाला, "जुनी शेती लिही. काय फरक पडतो?"

रमतीबेनने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "खरं सांगा. खरं सांगितल्याने काही होणार नाही."

हे वाक्य मी बोलले. मला कुणी सांगायला लावलं नव्हतं.

मग त्यांनी खरं सांगितलं. ही चरनोई होती. खालच्या गावातल्या मोठ्या लोकांनी तिचा सपाट, चांगला भाग आधी नांगरला. वरचा उतारही ते नांगरायला येणार अशी बातमी आली, तेव्हा फळियातल्या, म्हणजे वस्तीतल्या, लोकांनी तीन पावसाळ्यांमागे एका सकाळी तो आपणच नांगरला आणि चिठ्ठ्या टाकून तीस पट्टे केले. सोया निघाला की म्हातारी माणसं एक दिवस ठरवतात. त्या दिवसापासून सगळ्यांची जनावरं सगळ्या पट्ट्यांत मोकळी. कुणी कुणाला अडवायचं नाही. पुढच्या पेरणीपर्यंत ते पुन्हा कुरणच.

"तू राहतेस कुठे?" मंगाबापा नावाच्या एका म्हाताऱ्याने मधेच विचारलं.

"बडोद्याला. मांजलपूर."

"तुझ्या घराच्या जागी आधी काय होतं?"

"शेतं असतील."

"त्याला फुली कोणी मारली?"

सगळे हसले. मीही हसले, आणि साल लिहिलं. नियमातल्या सालाच्या नंतरचं साल. नियमाप्रमाणे फुली. मी फुली मारली आणि शेऱ्याच्या रकान्यात अर्धं पान भरून सगळं लिहिलं, खालच्या लोकांनी काय केलं, चिठ्ठ्या, मोकळी चराई, सगळं. पत्रक लिहिणाऱ्याला एक खोड असते, आपण लिहिलं म्हणजे ते कोणीतरी वाचणार असं त्याला वाटतं. फॉर्म डेअरीच्या ऑफिसात गेला. तिथे एक माणूस खुणा आणि फुल्या कॉम्प्युटरवर चढवत होता. शेऱ्याला त्याच्या कॉम्प्युटरवर जागाच नव्हती.

रमतीबेनला मी काहीच कळवलं नाही. शेरा वाचतील, मग सांगू, असं म्हणत राहिले. आणि एके दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला ट्रक कारखान्याच्या गेटवर येऊन उभा राहिला. ड्रायव्हरच्या शेजारी रमतीबेन आणि गटातल्या आणखी दोघी. रमतीबेन नवी ओढणी घेऊन आली होती.

कनुभाईने परखी खुपसली. दाणे हुंगले, एक फोडला. "एक नंबर माल. कोरडा. थोडे उडीद आहेत, चालतील." डोंगरात सोयात उडदाच्या ओळी घालतात, त्यातले काळे दाणे येतातच.

गेटवरचा कारकून यादी बघून म्हणाला, "आंबलीफळिया? चोकडी छे." चोकडी म्हणजे फुली.

मी शाहसाहेबांकडे धावले. त्यांनी शेरा पूर्ण वाचला. बहुधा तो वाचणारे जगात ते एकटेच. मग म्हणाले, "बेन, तुम्ही लिहिलंय ते बरोबर आहे. पण सही तुमची आहे आणि फुलीही तुमची आहे. मी हा ट्रक घेतला तर उद्या तुम्हीच पत्रक काढाल."

मी बाहेर आले. रमतीबेन ट्रकमधून उतरलीच नव्हती.

"काय झालं?"

"तुमची जमीन नियमात बसत नाही."

"कोणाचा नियम?"

मी काहीतरी सांगितलं, परदेश, डेअरी, कॉम्प्युटर. ती ऐकत होती. मग सोबतच्या दोघींना तिने त्यांच्या भाषेत काहीतरी सांगितलं. माझ्याकडे वळून म्हणाली, "तू म्हणाली होतीस, खरं सांगितल्याने काही होणार नाही. खरंच की. काहीच झालं नाही." आणि ड्रायव्हरला म्हणाली, "फिरव."

पुढचा आठवडा मी माणसांत नव्हते. आई म्हणायची, "जेव गं, सोया काय पळून चाललाय का?" आणि सोया खरोखरच परत आला.

आठवड्याने कनुभाईने मला गोदामात हाक मारली. मन्नालालशेठचा माल उतरत होता. शेठच्या पोत्यांवर सपाटीच्या गावांची नावं, सगळी माझ्या यादीतली, सगळ्यांपुढे माझ्या खुणा. कनुभाईने एका पोत्यात परखी घातली आणि तळहात माझ्यापुढे धरला. दाण्यांवर तांबूस धूळ. मधे काळे उडीद.

"जुओ बेन. आ तो तमारी चोकडीवाळो माल."

सपाटीच्या काळ्या जमिनीत तांबूस धूळ कुठून येणार? रमतीबेनच्या ट्रकमधला सोया शेठने वाटेतच घेतला होता. त्याच कारखान्यात, दुसऱ्या कागदावर तो आत आला होता. माझ्या फुलीने सोया अडला नव्हता. अडल्या होत्या त्या तीन बायका.

आता माझं काम काय? नियम स्पष्ट होता. फुलीचा माल सापडला तर कळवायचं. कळवलं की शेठचा तो माल नाकारला जाणार आणि मग शेठ आंबलीफळियाचं एक पोतंही पुढे घेणार नाही. त्यांना तोच एक रस्ता उरला होता, तोही बंद. न कळवावं तर ज्या यादीवर माझी सही होती ती यादी खोटी आहे हे मला आता माहीत होतं. पहिल्या वेळी मी खरं बोलायला लावलं आणि त्यांना भोगावं लागलं. दुसऱ्यांदा खरं बोलायचं ते कोणाच्या जिवावर?

या खेपेला मी एवढं केलं की आधी विचारायला गेले.

दाहोदला उतरले, पुढे मिळेल त्या जीपने गेले. शेठची जीप नाही. रमतीबेन अंगणात होती. पाणी दिलं, बस म्हणाली नाही. मी उभ्यानेच सगळं सांगितलं, तांबूस धूळ, उडीद, कळवलं तर काय होईल, नाही कळवलं तर काय.

ती म्हणाली, "मला एकटीला नको विचारू. तीस घरांचं आहे."

लोक जमले. तासभर वाद झाला. एक जण मला म्हणाला, "पुन्हा आलीस? आता काय मोजायचं राहिलं?" एक बाई म्हणाली, लिहू नको, निदान शेठ तरी घेतो. मंगाबापा उठला आणि चालायला लागला, तशी सगळी मंडळी त्याच्यामागे निघाली. मीही निघाले. उताराच्या शेवटाशी येऊन तो थांबला.

मागे वर, पट्ट्यांत, जनावरं पसरली होती. ठरलेला दिवस होऊन गेला होता. गाई, बैल, शेळ्या, सगळ्या घरांच्या एकत्र, सोयाचा पाला आणि मधे उगवलेलं गवत खात होत्या. माझ्या कागदावर ते मोडलेलं कुरण होतं. आणि समोर, पायथ्याला, तारेचं कुंपण. पलीकडे आखीव, कापणी झालेलं, रिकामं शेत. एक गाय तारेला मान लावून उभी होती. ते शेत मी ओळखलं. तिथे मी खाटेवर बसून चहा प्यायले होते. चौथा प्रश्न, हद्द स्पष्ट आहे का? बरोबर. सातवा, पूर्वापार शेती. बरोबर.

"हीसुद्धा चरनोई," मंगाबापा म्हणाला. "आमच्या बापांची जनावरं इथे चरायची. कागद नंतर झाला."

रमतीबेन म्हणाली, "लिहायचं तर लिही. पण आमचं नाव लिहिशील तर हेही लिही. अर्धं नको लिहू. अर्धं तू एकदा लिहिलंस."

मंडळींनी माना डोलावल्या. 'लिहू नको' म्हणणारी बाई मात्र म्हणाली, "माझं म्हणणं 'नाही' आहे, तेही लिही." तेही मी लिहिलं.

बडोद्याला येऊन मी बारा पानं लिहिली. आयुष्यात पहिल्यांदा इतके 'परंतु' वापरले. त्यात मन्नालालशेठ होता, तांबूस धूळ होती, तार होती. आणि सपाटीच्या गावांपुढे मी केलेल्या सगळ्या खुणा मी मागे घेतल्या. लिहिलं, या खुणा मी कागद बघून केल्या, जमिनीची चौकशी केली नाही, त्या धरू नयेत. खाली सही. या वेळी पानं शेऱ्यात नाही, पत्र म्हणून डेअरीला, कारखान्याला आणि आमच्या संस्थेला पाठवली.

ठाकोरभाईंनी विचारलं, "मागे घेतेस म्हणजे यादीत उरलं काय?"

"काही नाही."

"मग दोन वर्षं आपण काय केलं?"

डेअरीने कारखान्याकडून ते दाण घेणं बंद केलं. दुसरीकडून घ्यायला लागली, तिथे कागद तयार होते म्हणे. अक्षर एकच आहे का ते मी बघायला गेले नाही. कारखान्याने यादी बंद केली आणि माझं तिथलं काम संपलं. शाहसाहेब निरोपाचा चहा पाजताना म्हणाले, "बेन, तुम्ही बाहेर होतात तेव्हा आमचं एवढं नुकसान नव्हतं झालं." रागाने नाही म्हणाले, तक्रारीच्या सुरातही नाही. मोजमाप सांगितल्यासारखं म्हणाले.

तो हंगाम आंबलीफळियाला वाईट गेला. शेठने त्यांचा उरलेला माल घेतला नाही. त्यांना तो लांबच्या मंडीत न्यावा लागला. हे माझ्यामुळे झालं, आणि त्यांनी लिही म्हटलं होतं म्हणून ते माझ्यामुळे झालं नाही असं मी मानत नाही.

पुढच्या हंगामात कनुभाईचा फोन आला. "बेन, तमारी रमतीबेन आवी छे." मी स्कूटर काढून पादरा रोडला गेले. ट्रक गेटाच्या आत उभा होता. यादीच नव्हती, तर अडवणार कोण? कनुभाईने परखी घातली, दाणा फोडला, माल उतरायला लागला. रमतीबेन सावलीत बसली होती. मला बघून म्हणाली, "तू काम सोडलंस आणि आमचं काम झालं."

"मी सोडलं नाही, मला काढलं."

"तेच ते."

या खेपेला तिने बस म्हटलं. मी बसले. मी विचारलं, यंदा जनावरं कधी सोडणार? तिने उतरलेली पोती बोटांवर मोजली. मग म्हणाली, फळियातल्या दोन घरांनी यंदा आपल्या पट्ट्यांना काट्यांचं कुंपण घातलंय. म्हाताऱ्यांनी सांगून पाहिलं, ऐकत नाहीत. तिसरं घर काटे गोळा करतंय.

"का?"

"खालच्या लोकांचा माल पास झाला, आमचा नाही झाला. त्यांना तार होती. तू विचारत होतीस ना, हद्द दिसते का? पोरांनी लक्षात ठेवलं. म्हणतात, कुंपण असलं की बडोद्याचा कागद मिळतो."

चौथा प्रश्न मी सहज घातला होता. तो कुणी शिकेल असं वाटलं नव्हतं.

त्या आठवड्यात मी पुन्हा आंबलीफळियाला गेले, स्वतःच्या खर्चाने, कुठल्याही संस्थेचं नाव न घेता. त्या दोन घरांत जाऊन बसले. सांगितलं की ती यादी बंद झाली, तो प्रश्न चुकीचा होता, तो मी लिहिला होता, आणि तुमच्या चराईला त्यात जागा नव्हती ही चूक तुमची नाही. दोन्ही घरांत तेच सांगितलं. पहिल्या घरातल्या माणसाने ऐकून घेतलं, बायकोशी बोलला आणि दुपारी काटे काढायला लागला. मी आणि रमतीबेनने हात लावला.

दुसऱ्या घरात जो होता तो माझ्याच वयाचा होता. तो सगळं शांतपणे ऐकून म्हणाला, "बेन, तुमची यादी बंद झाली, मान्य. पण पुढल्या वर्षी दुसरं कोणीतरी फॉर्म घेऊन येईल. नाही येणार?"

फॉर्म घेऊन कोणीतरी येणारच आहे. कदाचित मीच येईन. त्याचं कुंपण अजून आहे.